अदीना पेणकरचे समुद्रघोडे

ग्रॅहम बादल्या घेऊन आला तेव्हा अदीना दारात उभी राहिली आणि बाजूला झाली नाही.

रविवारची सकाळ होती. मी लंडनच्या पिनर भागात तिच्या समोरच्याच घरात राहते. गाडीतून भाजी उतरवत होते, म्हणून सगळं रस्त्यापलीकडून दिसलं आणि ऐकूही आलं. ग्रॅहम हा घरी मासे पाळणाऱ्यांच्या आमच्या भागातल्या क्लबचा सेक्रेटरी. उंच, सभ्य, गोड बोलणारा माणूस. त्याच्या हातात झाकणाच्या दोन पांढऱ्या बादल्या होत्या.

"नॅथननं सांगितलंय, समुद्रघोडे घेऊन जा म्हणून," तो म्हणाला.

"नॅथन इथे राहत नाही."

"ते ठाऊक आहे मला. म्हणूनच आलो. फार नाजूक प्राणी आहेत, अदीना. तुम्हाला उगाच त्रास."

"मला त्रास होतोय असं मी तुम्हाला कधी सांगितलं?"

ग्रॅहमनं जरा वाट पाहिली. त्याला वाटलं असेल, ही चहा घ्या म्हणेल, मग आत जाता येईल. अदीना दारातच उभी. शेवटी तो बादल्या गाडीत ठेवून गेला. तिनं दार लावलं. मी भाजी तशीच टाकून पलीकडे गेले, तर ती जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली होती.

"मधू," ती म्हणाली, "त्या टाकीच्या पाण्यात मीठ किती घालतात गं?"

तेव्हा ती अदीना रोहेकर होती. जन्म ठाण्याचा, माहेरचं आडनाव पेणकर. बेने इस्रायली, महाराष्ट्रातले ज्यू, म्हणजे घरी मराठी, देवळात हिब्रू, शाळेत इंग्रजी. लग्न होऊन आधी स्टॅनमोरला सासरी आली, मग दोघांनी पिनरमध्ये घर घेतलं. ती इथल्या एका जीपी सर्जरीत, म्हणजे डॉक्टरांच्या दवाखान्यात, रिसेप्शनिस्ट. दिवसभर लोकांना 'आज अपॉइंटमेंट नाही' असं शांतपणे सांगायची तिला सवय होती. घरी मात्र ती फारसं कुणाला नाही म्हणत नसे.

समुद्रघोडे नॅथनचे. जेवणाच्या खोलीत भिंतीला लागून त्याची मोठी टाकी. तिच्यात पाण्याची वनस्पती, थोडे खडक आणि एक जोडी. नॅथन आम्हाला पाहुण्यांना ती दाखवायचा, तेव्हा अदीना चहाचा ट्रे घेऊन मागे उभी असायची. टाकीत हात घालायची तिला परवानगी नव्हती. बाहेरची काच पुसायची होती.

त्या हिवाळ्यात नॅथननं सांगितलं की त्याला एकटं राहायचंय. त्याचं ऑफिस मेडनहेडला, तिथे त्यानं वरच्या मजल्यावर भाड्याचा फ्लॅट घेतला. दुसरी बाई वगैरे नव्हती. "असती तर बरं झालं असतं," अदीना मला म्हणाली होती. "रागवायला एक तोंड तरी मिळालं असतं." तो पुस्तकं घेऊन गेला, खुर्ची घेऊन गेला. टाकी एवढी जड की घरमालकानं नको म्हटलं. म्हणून ग्रॅहम.

तर ती मीठ घालायला शिकली. पाणी कसं गाळायचं, खारटपणा कसा मोजायचा, पंप कसा धुवायचा, सगळं एकेक करून. समुद्रघोड्याला जठर नसतं, खाल्लेलं भराभर पुढे जातं, म्हणून त्याला पुन्हा पुन्हा भरवावं लागतं, हे तिनं मला इतक्या वेळा सांगितलं की माझ्या नवऱ्यालाही पाठ झालं. गोठवलेल्या बारीक कोळंबीची पाकिटं ती आणायची. नॅथन लागेल तेवढीच बाहेरून आणायचा; तिच्या स्वयंपाकघरात कोळंबी कधीच आली नव्हती, त्यांच्या धर्मात चालत नाही. ती पाकिटं स्वयंपाकघरातल्या फ्रीझरमध्ये ठेवायला तिचं मन धजेना, म्हणून गराजमध्ये वेगळा छोटा फ्रीझर आला.

ही बातमी सिनेगॉगपर्यंत, म्हणजे त्यांच्या देवळापर्यंत, पोचली. प्रार्थनेनंतर सगळे हॉलमध्ये बसतात, तिथे हॅनामावशी म्हणून नात्यातल्या एक वयस्कर बाई आहेत, त्यांनी तिला जवळ बोलावलं. मी त्या दिवशी पाहुणी म्हणून गेले होते.

"अगं, त्याला खवले नाहीत. आपल्यात चालत नाही ते."

"मावशी, मी त्यांना वाढवतेय. शिजवत नाहीये."

"पण लोक म्हणतात, नवरा गेल्यापासून हिचं चित्त ठिकाणावर नाही."

"लोकांना माझ्या घरी पाठवा. एकेकाला दाखवते."

मावशींनी खरंच तोंडाला पदर लावून हसू दाबलं.

वसंत आला आणि जोडी नाचायला लागली. नर पिवळसर, पोट पुढे आलेलं, म्हणून अदीनानं त्याचं नाव पाटील ठेवलं होतं. मादी काळपट, तिचं नाव काळी. रोज सकाळी दिवा लागला की पाटील रंग उजळवायचा, काळीच्या शेपटीत शेपटी अडकवायचा, आणि दोघं एकाच काडीभोवती हळूहळू गोल फिरायची. एका सकाळी दोघं तशीच वर वर तरंगत गेली, पोटाला पोट लावून, आणि काळीनं आपली अंडी त्याच्या पोटावरच्या पिशवीत सोडली. अदीनानं मला फोन केला आणि एवढंच म्हणाली, ये. मी समजले, काहीतरी झालंय. गेले तर ती काचेसमोर गुडघ्यावर बसलेली.

"नॅथनकडे इतकी वर्षं होते. कधी हे झालं नव्हतं," ती म्हणाली.

"का बरं?"

"तो म्हणायचा, त्यांची जोडी जमत नाही. मला वाटतं पोटभर खायलाच मिळत नसावं."

पिल्लं आली तेव्हा ती कामाला निघायच्या बेतात होती. पाटील एका काडीला शेपटीनं घट्ट धरून कमरेत वाकत होता, पुन्हा सरळ होत होता, आणि प्रत्येक झटक्यासरशी पिशवीच्या तोंडातून धुरासारखी पिल्लं बाहेर पडत होती. पापणीच्या केसाएवढी. पण तोंड, शेपूट, पाठीचा कणा, सगळं त्याच घाटाचं. अदीनानं सर्जरीत फोन लावला आणि सांगितलं, आज येत नाही, घरात बाळंतपण आहे. मॅनेजरनं विचारलं, कुणाचं? अदीना म्हणाली, "बापाचं," आणि फोन ठेवला.

ती पिल्लं आठवडाभरात सगळी मेली.

मोजता येणार नाहीत इतकी होती, दोन-तीनशे तरी असतील. पहिल्या दिवशी सगळी पोहत होती. मग एकेक वर जाऊन पाण्याच्या पृष्ठाला चिकटायला लागलं. शेपटी खाली लोंबकळलेली, डोकं वर, खाली येताच येईना. अदीना बोटानं पाणी ढवळायची, ती खाली जायची, पुन्हा वर यायची. शेवटी ती चहाच्या गाळणीनं मेलेली पिल्लं गोळा करत होती आणि मी बाजूला वाटी धरून उभी होते. ती रडली नाही. गाळणी धुतली, कचऱ्यात टाकली, मला म्हणाली, "नवीन गाळणी घ्यायला हवी."

तिनं क्लबच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रूपवर विचारलं होतं, काय चुकलं. उत्तरं भरपूर आली. ग्रॅहमनं लिहिलं की म्हणूनच अनुभवी हातात द्यावं असं आम्ही सुचवलं होतं. दुसऱ्या दिवशी नॅथनचा फोन आला. तिनं स्पीकरवर ठेवला, कारण ती बाटल्या धुत होती.

"अदीना, ऐकलं मी. हट्ट सोड आता. मी इतकी वर्षं पिल्लांच्या वाटेला गेलो नाही, कारण मला माहीत होतं, घरी हे होत नाही."

"म्हणजे तू प्रयत्नच केला नाहीस?"

"प्रयत्न करून काय—"

"बरं झालं सांगितलंस. मला वाटत होतं तुझा प्रयत्न फसला," ती म्हणाली. "बाटली निसटतेय, ठेवते फोन."

मुलगा योनी, नाव हिब्रू, मँचेस्टरला असतो. तो वीकेंडला आला. त्याची मराठी इथल्या मुलांची असते तशी.

"आई, व्हाय आर यू डूइंग धिस? तो टाकी देऊन टाक ना कोणालातरी. घर पण मोठा आहे तुला. छोटा फ्लॅट बघू आपण."

"ती टाकी."

"ओके, ती टाकी. डॅडला दाखवायला करतेस का हे?"

अदीनानं हातातली नळी खाली ठेवली. मग म्हणाली, "आधी त्याच्यासाठीच केलं. त्याला दाखवायचं होतं. पण ती पिल्लं मेली ना, तेव्हा मला तो आठवलाच नाही. आता मला ती जगलेली हवीत, योनी. आणि घर मी विकत नाहीये. तुला जेवायला काय करू?"

दुसऱ्या खेपेची तयारी तिनं पाटीलची पिशवी पुन्हा फुगायच्या आधीच केली. पहिल्या वेळी ती तासन् तास बघत बसली होती, ते वाया गेलं नव्हतं. तिच्या लक्षात आलं होतं की पिल्लं दिव्याकडे जातात. दिवा वर, म्हणून ती वर जातात, तिथे हवा गिळतात आणि मग बुचासारखी तरंगत राहतात. पाण्यावर तेलकट साय धरते ती वेगळीच. तिनं एक मोठं गोल काचेचं भांडं आणलं, त्याला बाहेरून काळा कागद गुंडाळला, फक्त खालच्या बाजूला एक खिडकी ठेवली आणि दिवा तिथे लावला. हवेची नळी कडेला अशी बसवली की सगळं पाणी सावकाश गोल फिरत राहावं, कुणी पृष्ठाला चिकटू नये. लेमोनेडच्या रिकाम्या बाटल्या बूड कापून स्वयंपाकघराच्या खिडकीत उलट्या टांगल्या. त्यांत खारट पाण्यात कोळंबीची अंडी घालायची, हवा सोडायची, की दुसऱ्या दिवशी केशरी ठिपक्यांसारखं जिवंत खाणं तयार. दुकानात मिळणारं गोठवलेलं खाणं पिल्लं तोंडालाही लावत नाहीत. हलणारं लागतं, आणि ते दिवसभर लागतं.

दिवसभर, आणि ही सर्जरीत. तिनं मॅनेजरला दुपारी मोठी सुट्टी मागितली. मॅनेजर म्हणाली, समुद्रघोड्यांसाठी असा नियम नाही. मग अदीनानं वर्षाची साठलेली सगळी रजा एकदम मागितली.

"कुठे जाताय?" मॅनेजरनं विचारलं.

"जेवणाच्या खोलीत."

ती रजा तिनं खरोखर जेवणाच्या खोलीत काढली. शनिवारी शब्बाथ असतो, त्या दिवशी ती गाडी चालवत नाही, स्वयंपाक करत नाही. मी विचारलं, मग यांचं काय? ती म्हणाली, पाळलेल्या जनावराला उपाशी ठेवून आपण घास घ्यायचा नाही, असा आमच्यात नियमच आहे. आधी त्यांचं, मग माझं. त्यामुळे शनिवारी सकाळी आधी भांड्यातलं भरवणं व्हायचं, मग ती चालत प्रार्थनेला जायची.

दुसरी खेप आली. ह्या वेळीही मेली. बरीच मेली. पण रोज संध्याकाळी भांड्यात अजून कुणीतरी पोहत असायचं. मग ती पोहायची कमी झाली आणि शेपटीनं काहीतरी धरायला शोधू लागली. अदीनानं प्लास्टिकची जाळी कापून सोडली. पिल्लं जाळीला लटकली, काही एकमेकांच्या मानेला लटकली. ती मोठी होत गेली, वेगळ्या टाकीत गेली, आणि मग गोठवलेलं खाणं शिकवायची वेळ आली. हे सगळ्यात अवघड. मेलेलं खाणं समोरून वाहत जायचं आणि ती ढुंकून बघायची नाहीत. एका दुपारी मी तिच्याकडे होते. एका पिल्लानं डोकं तिरकं केलं, खाण्याच्या तुकड्याकडे एक डोळा फिरवला, मग दुसरा. आणि टक् असा आवाज आला. काचेतून ऐकू आला. तुकडा नव्हता.

"ऐकलंस?" अदीना म्हणाली.

"ऐकलं."

"मला खोटं वाटेल म्हणून विचारलं."

उन्हाळ्यात चाळीसेक पिल्लं जगली होती आणि बोटाएवढी झाली होती. तिनं फोटो ग्रूपवर टाकला. ग्रॅहम बघायला आला. ह्या वेळी ती दारातून बाजूला झाली, चहाही दिला. त्यानं मनापासून कौतुक केलं, फोटो काढले, बरेच प्रश्न विचारले. तिनं सगळी उत्तरं दिली.

मग क्लबची पत्रिका आली. पहिल्याच पानावर पिल्लांचा फोटो आणि खाली मजकूर: आमचे जुने सदस्य नॅथन रोहेकर यांच्या टाकीत समुद्रघोड्यांची पैदास यशस्वी, पत्नी अदीना यांची मोलाची मदत.

तिनं ते मला उभ्या उभ्या वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा वाचलं. मग विचारलं, "गुरुवारी मोकळी आहेस का? त्यांची मीटिंग आहे."

मीटिंग हॅरोला एका चर्चच्या हॉलमध्ये होती. प्लास्टिकच्या खुर्च्या, बिस्किटं, पंधरा-वीस माणसं. आम्ही आत शिरलो तर नॅथन तिथे होता. मेडनहेडहून आला होता. दोघं-तिघं त्याचा हात हातात घेऊन अभिनंदन करत होते आणि तो हसत होता. त्यानं अदीनाला पाहिलं आणि हसणं राहिलं तसंच, फक्त डोळे बदलले.

ग्रॅहमनं सभा सुरू केली. अदीना उभी राहिली.

"मला बोलायचंय."

"शेवटी सगळ्यांना वेळ आहे, अदीना."

"मला आत्ता बोलायचंय." ती सर्जरीत बोलते त्याच आवाजात बोलत होती, चढा नाही, हळू नाही. "वसंतात माझी पिल्लं मेली. तेव्हा तुम्ही सगळ्यांनी मला मेसेज केले. अदीना, तुझं हे चुकलं. अदीना, तुला अनुभव नाही. मेली तेव्हा ती माझी होती. आता जगलीत, तर नॅथनची कशी झाली?"

ग्रॅहम म्हणाला की क्लबची मेंबरशिप घराच्या नावे असते आणि घर नॅथनच्या नावे नोंदलेलं आहे, त्यामुळे लिहिताना तसं झालं, त्यात वाईट हेतू नव्हता. मागे कुणीतरी हसलं, म्हणालं, नाहीतरी समुद्रघोड्यांत सगळं काम बापच करतो.

अदीना त्या माणसाकडे वळली नाही. नॅथनकडे वळली. मराठीत म्हणाली, "तू या पिल्लांना एकदा तरी भरवलंस?"

नॅथन खाली बघत होता. "नाही," तो मराठीतच म्हणाला.

"मला माहीत आहे. इंग्लिशमध्ये सांग. यांना सांग."

मला वाटलं, तो उठून जाईल. तसं करणं सोपं होतं. पण तो उभा राहिला, खुर्चीची पाठ धरली आणि त्यानं सांगितलं: मी एकदाही भरवलं नाही. मी तर ते घरातून न्यायला सांगितलं होतं. पहिली पिल्लं मेली तेव्हा हिला म्हटलं, हट्ट सोड. हे सगळं हिचं आहे. एवढं बोलून तो बसला. कान लाल झाले होते. त्या माणसाबद्दल मला त्या क्षणी पहिल्यांदा थोडा आदर वाटला, हेही सांगायला हवं.

ग्रॅहमनं वही उघडली. पुढच्या अंकात दुरुस्ती छापू म्हणाला, आणि पेन काढून लिहू लागला, "अदीना रोहेकर—"

"पेणकर," अदीना म्हणाली. "पी, ई, एन. मी स्पेलिंग सांगते."

बाहेर गाड्यांजवळ नॅथन आमच्यामागून आला. म्हणाला, त्यानं फ्लॅटसाठी एक छोटी टाकी बघून ठेवलीय, एक जोडी मिळेल का?

"दुपारी फ्लॅटवर कोण असतं?"

"मी ऑफिसला असतो. कोणी नसतं."

"मग नाही."

"अदीना, पाटील आणि काळी मुळात माझे होते."

"होते," ती म्हणाली. "तू सोडलेस. मी भांडत नाहीये, नॅथन. दुपारी कोणी नसेल तर ते उपाशी राहतील, म्हणून नाही. उद्या घरात कोणी असेल तेव्हा विचार." तिनं गाडीचं दार उघडलं आणि मला म्हणाली, "चल, त्यांच्या जेवणाची वेळ झाली."

पिल्लं तिनं कुणाला द्यायची ते स्वतः ठरवलं. मागणारे पुष्कळ होते. ती आधी त्यांच्या घरी जायची, टाकी बघायची, पाणी तपासायची, फ्रीझर उघडून बघायची. एका माणसाला तिनं दारातूनच नाही म्हटलं, कारण त्याच्या टाकीत खेकडे होते. तो रागावला. ती म्हणाली, रागवा, पण खेकडे काढा. त्यानं काढले, आणि दोन महिन्यांनी त्याला जोडी मिळाली.

पाटील पुढच्या हिवाळ्यात गेला. वय झालं होतं. ती त्या दिवशी मात्र रडली, सिंकपाशी उभं राहून, नळ सोडून. मग नळ बंद केला आणि काळीला भरवलं.

नव्याच्या सणाला, म्हणजे त्यांच्या नव्या वर्षाला, योनी त्याच्या मैत्रिणीला घेऊन आला. जेवणाचं टेबल घरात नव्हतं. सहा माणसांचं सागवानी टेबल अदीनानं एका चॅरिटीला देऊन टाकलं होतं आणि तिथे आणखी दोन टाक्या बसवल्या होत्या. सगळ्यांनी मांडीवर ताटं घेऊन जेवण केलं, हॅनामावशींनीसुद्धा. योनी जेवताना एकसारखा काचेकडे बघत होता. फ्लॅटचं त्यानं पुन्हा काढलं नाही.

आता तिनं दुसऱ्या जातीचे समुद्रघोडे आणलेत. त्यांची पिल्लं ह्यांच्याहून लहान, इतकी की बाटलीतली कोळंबीही त्यांच्या तोंडात मावत नाही. त्यांच्यासाठी डोळ्यांना नीट न दिसणारं काहीतरी वेगळंच वाढवावं लागतं आणि ते शेवाळाच्या हिरव्या पाण्यावर जगतं. स्वयंपाकघराची खिडकी हिरव्या बाटल्यांनी भरलीय, आत उजेड येत नाही. ही जात घरी वाढत नाही असं तिला सगळे सांगतात. दोन वेळा सगळी पिल्लं गेली. एकही राहिलं नाही.

परवा तिसरी खेप आली. मी गेले तर ती भिंग घेऊन भांड्यावर वाकलेली. डोळ्यांखाली काळं, केस कसेतरी बांधलेले. मी म्हटलं, "अदीना, हे पुरे कर आता. जी जगतात ती वाढव ना."

तिनं मान वर केली नाही.

"मधू, जरा सरक," ती म्हणाली. "तुझी सावली पडतेय पाण्यावर."